अठ्ठेचाळिसावी गुडदी

स्वीडन,
११ ऑगस्ट १९९६

तात्यांना जय भीम. अक्काला दोनदा, कारण एकदाच लिहिला की तिला वाटतं तो तुमच्यातून उरलेला आहे.

पत्र पोचलं. शेंगदाण्याच्या कुटाचा वास येत होता, म्हणजे तुम्ही जेवता जेवता लिहिलंत आणि हात चड्डीला पुसलात. वास घेत दोनदा वाचलं.

तुम्ही विचारलंत, "पोरी, तू तिथं नेमकं करतेस काय?" खरं सांगू? जाळते. विद्यापीठात एक भट्टी आहे, आपल्या स्वयंपाकघराएवढी. त्यात लाकडाचा खांब आणि लाकडाची तुळई एकमेकांना जोडून उभी करायची, वर वजन द्यायचं, भट्टी पेटवायची आणि घड्याळ हातात घेऊन बसायचं. इथं लाकडाच्या चार मजली इमारती बांधायला लागलेत. उद्या आठ मजली बांधतील. आग लागली तर माणसं खाली उतरेपर्यंत ती उभी राहिली पाहिजे ना? जाड लाकूड सहसा दगा देत नाही. बाहेरून कोळसा होतो आणि आतलं लाकूड त्या कोळशाआड सुरक्षित राहतं. सगळी भानगड असते ती जोडात. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं. माझा जोड एक तास टिकला पाहिजे, मग डिग्री. काम छान चाललंय.

सोबत विहाराच्या माडीचं चित्र पाठवते. खाली विहार, वर पोरांचं वाचनालय, तुम्ही सांगितलंत तसं. बारा जोड आहेत. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी आणि दोन बोल्ट. तात्या, हात जोडून सांगते, चित्रात आहे तसंच करा. तुमचं डोकं चालवू नका. तुम्हाला अक्काची शपथ.

तुमची पुतणी,
करुणा


सणसर,
९ सप्टेंबर ९६

चि. करुणेस तात्याचा जय भीम. अक्का म्हणती तिचे दोन्ही पोचले.

तू जाळतीस हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं शिकवलं, इमानात बसवून धाडलं, आन पोरगी शेवटी चुलीपुढंच बसली की!" दोन दिस वस्तीत हेच सांगत हिंडती हाय.

चित्र मिळालं. लई झ्याक काढलंस. तुझ्या बापानं डेअरीतनं आल्यावर मोटारसायकलवरनं उतरायच्या आदीच ते बघितलं आन म्हणाला, तात्या, हे तुमाला झेपंल का? त्याला म्हटलं, रविंद्रा, अठ्ठावीस वर्सं दारूगोळ्याच्या कारखान्यात पेट्या ठोकल्या. सुतारकी आपल्या घरात कुणाची न्हवती, मी साहेबाच्या शिव्या खाऊन शिकलो. मला झेपंल.

पण विहाराला हात लावायच्या आदी एक रंगीत तालीम करतो. सावळारामाच्या गुऱ्हाळाचं छप्पर बदलायचं हाय. त्याचं म्हणणं, भानुदासराव, पोरीचं चित्र आदी माझ्या छपरावर करून बघा, पडलं तर गुळावर पडंल, पोरांवर न्हाय. मानूस दिलदार. विहाराला बांधावरच्या दोन बाभळी पण त्यानंच दिल्या. त्याचं छप्पर पेलायला खांबासकट चार लाकडी कैच्या उभ्या करतोय, चारीचे जोड तुझ्या चित्राबरहुकूम. मदतीला पिंपळीचा रामहरी सुतार घेतलाय.

मधी आठ दिस मला बारामतीला जायचंय, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला. काळजी नको. रामहरी काम बंद ठेवणार न्हाय.

शपथ घातलीस ती पोचली. अक्का बी ऐकत व्हती, म्हणून मोडता येत न्हाय.

तुझा
तात्या


स्वीडन,
१३ ऑक्टोबर १९९६

तात्या,

डोळा कसा आहे? धूळ लागू देऊ नका. करवतीजवळ जाऊ नका, भुसा उडतो. हे तुम्ही ऐकणार नाही, तरी लिहिते.

गुऱ्हाळाची रंगीत तालीम वाचून मी इथल्या स्वयंपाकघरात मोठ्यानं हसले. माझ्याबरोबर राहणाऱ्या मुली दार उघडून बघायला आल्या. त्यांना गुऱ्हाळ काय ते सांगायला अर्धा तास गेला. ऊस, चरक, काहील, खाली चुलवण, चुलवणात चिपाडाचा जाळ. त्या म्हणाल्या, लाकडी छपराखाली दिवसभर उघडा जाळ, आणि काही होत नाही? मी म्हटलं, आमच्याकडे शंभर वर्षं असंच चालतं.

जोडाचा फोटो पाठवा ना. इंदापूरला फोटोवाला आहे, त्याला एका दिवसासाठी बोलवा. मला इथं हॉल्मग्रेन सरांना दाखवायचा आहे. माझे मार्गदर्शक. चांगले आहेत, हसत नाहीत एवढंच.

इथं आत्ताच थंडी पडलीय. सकाळी नाक जाग्यावर आहे का ते चाचपून बघावं लागतं. बर्फ पडेल म्हणतात. सूर्य लवकर मावळतो. हवा बाकी स्वच्छ.

करुणा


सणसर,
१९ जानेवारी ९७

चि. करुणे,

पत्राला उशीर झाला. उसाचा सीझन, त्यात विहाराचं काम. डोळा फस्क्लास हाय. आता अक्काच्या भाकरीचा करपलेला भाग लांबनं दिसतो, त्याचा तिला राग येतो.

गुऱ्हाळाचं छप्पर दिवाळीतच झालं. चरकाकडच्या दोन कैच्या मी दवाखान्यात असताना रामहरीनं केल्या, चुलवणाकडच्या दोन मी आल्यावर केल्या. सगळं चित्राबरहुकूम. सावळाराम खूष हाय. पैली काहील उतरली त्या दिशी त्यानं गरम गूळ पळसाच्या पानावर वाटला आन म्हणाला, करुणाच्या छपराखालचा गूळ जरा गोडच लागतोय. असं त्यो परत्येक वर्सी म्हणतो, पण औंदा तुझं नाव घेऊन म्हणाला.

फोटोवाल्याचं म्हणशील तर लगीनसराई हाय, त्याला जोडाचा फोटो काढायला सवड न्हाय. त्यो म्हणतो, जोडप्याचा काढतो, जोडाचा न्हाय.

विहाराची माडी चढली. बाराच्या बारा जोड बसलेत, फळ्या टाकायचं चाललंय. चौदा एप्रिलला वाचनालय उघडायचं ठरलंय. पोरं आत्तापास्नंच जिन्याच्या पायऱ्यांवर बसून जागा धरत्यात. बत्तीस पोरं मावत्याल.

आता एक इचारतो, रागवू नको. तुझा जोड किती मिनिटं टिकला? दोन पत्रं आली, आकडा न्हाय. मला ठावं हाय, तू चौथीत गणितात नापास झालीस तवा घरी येऊन मार्क सांगायच्या जागी म्हणाली व्हतीस, "तात्या, आज वारं किती छान सुटलंय." मागल्या पत्रात हवेवर चार वळी हायत.

तुझा
तात्या


सणसर,
२० फेब्रुवारी ९७

चि. करुणे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो. आदी हे वाच, सगळी माणसं, बैल, कुत्री खुशाल हायत. आता पुढचं वाच.

सोमवारी दुपारी सावळारामाच्या गुऱ्हाळाला आग लागली. वारं सुटलं व्हतं. चुलवणातनं ठिणगी उडाली ती वाळल्या चिपाडाच्या गंजीवर. चिपाड म्हंजे बारूदच, कारखान्यात आमी याहून शानं सामान भरत व्हतो. बघता बघता छपराखाली जाळ झाला. तवाच इंदापूर-बारामती येष्टी आली. डायवरनं गाडी उभी केली आन आख्खी येष्टी खाली उतरली! बायका, म्हातारे, एक नवरा मुलगा मुंडावळ्यांसकट. कालव्यापास्नं रांग लागली. घमेली, बादल्या, एकीनं तर दुधाची किटली रिकामी करून पानी आणलं. कंडक्टर घंटी वाजवून "चला, चला" म्हणत व्हता, ते गाडीला न्हाय, रांगेला. मग साखर कारखान्याचा बंब आला आन आग आटोक्यात आली.

काहिलीत रस व्हता. त्याचा गूळ न्हाय झाला, काकवी न्हाय झाली, डांबर झालं. बंबवाल्यानं बोट लावून चाटलं आन म्हणाला, वाईट न्हाय. सावळाराम त्या राखंत बसून पोट धरून हसला. म्हणाला, भानुदासराव, पाव्हणं एवढं आलं, पंगत तेवढी राहिली.

छपराचं म्हणशील तर दोन कैच्या पडल्या. दोन राहिल्या. वारं तिकडनं व्हतं म्हणून आसंल.

तुझ्या जोडाला दोष न्हाय हां पोरी. आग ती आग.

तात्या


तार
७ मार्च १९९७

माडी उघडू नका. कुणाला वर चढू देऊ नका. पत्र येत आहे. करुणा


स्वीडन,
७ मार्च १९९७

तात्या,

तार मिळाली असेल. घाबरवलं असेल तर माफ करा, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

तुम्ही आकडा विचारलात. हा घ्या. एकोणीस. पहिल्यांदा एकोणीस मिनिटं, दुसऱ्यांदा तेवीस, तिसऱ्यांदा बावीस. साठ पाहिजेत. हवा छान आहे असं मी सहा महिने लिहीत होते आणि माझा जोड भट्टीत दर वेळी मोडत होता. लाकूड चांगलं राहतं, पट्टी आणि बोल्ट तापून लाल होतात, बोल्ट ती उष्णता लाकडाच्या आत घेऊन जातो, आतल्या आत भोक जळून मोठं होतं आणि जोड निसटतो. हे मला ऑक्टोबरातच कळलं होतं. ऑक्टोबरातच! तेव्हाच लिहायला हवं होतं की तात्या, थांबा, ते चित्र फाडून टाका. नाही लिहिलं. लाज वाटली. साऱ्या वस्तीनं मला एसटी स्टँडवर पोचवायला यायचं, आणि मी लिहायचं की मला जमत नाही? वाटलं, पुढच्या खेपेला जोड टिकेल आणि मग सगळंच सुधारून सांगू.

आणि त्याच चित्रावर तुम्ही बत्तीस पोरं बसवणार आहात. खाली विहारात मेणबत्त्या, अगरबत्त्या, शेजारी चुली.

दोन कैच्या पडल्या हे वाचलं आणि सरळ तारघर गाठलं. दोन राहिल्या त्या नशिबानं राहिल्या, वारं उलटं असतं तर त्याही पडल्या असत्या. तात्या, माडीखाली आधाराला खांब लावा आणि वर कुणालाही सोडू नका. चौदा एप्रिलचं पुढं ढकला. मी वाईट इंजिनिअर आहे असं सगळ्यांना सांगा, पण पोरांना वर चढू देऊ नका.

माझी शेवटची भट्टी बावीस एप्रिलला आहे. हॉल्मग्रेन सर म्हणाले, "चौथी आणि शेवटची." त्यातही मोडला तर मी परत येते, डिग्रीशिवाय. आले तर रागावणार नाही ना?

करुणा


सणसर,
१८ मार्च ९७

माझ्या करुणे,

आदी तारेचं सांगतो. तारवाला वस्तीत शिरला आन अक्कानं तार हातात घ्यायच्या आदीच गळा काढला. परदेशातनं तार म्हंजे एकच, असं तिच्या मनानं घेतलं. अर्धी वस्ती गोळा झाली. तुझा बाप येईस्तोवर कुणाला विंग्रजी वाचता येईना, तासभर आमी नुसतं रडलो. मग रविंद्रानं वाचलं, "माडी उघडू नका." अक्कानं डोळं पुसलं आन म्हणाली, "मेली! एवढ्यासाठी माझं तासभराचं रडं वाया घालवलं!"

मग पत्र आलं. ते मी एकट्यानं कालव्यावर बसून वाचलं. तू रडत लिहिलंस ते कळलं. आता नीट बस. मला बी एक कबूल करायचंय, आन माझा गुन्हा तुझ्याहून मोठा हाय, कारण मी अक्काची शपथ मोडली.

जोड चित्राबरहुकूम न्हाईत.

रामहरीनं केलेल्या दोन कैच्या व्हत्या चित्राबरहुकूम. दवाखान्यातनं आलो, डोळ्यावरची पट्टी सुटली आन पैलं काय दिसलं तर लोखंड! बाहेरनं पट्ट्या, बोल्टांची डोकी उघडी. पोरी, आमच्या खात्यात असली पेटी गेली असती तर इन्स्पेक्टरनं खडूनं फुली मारून परत धाडली असती. दारूगोळ्याच्या पेटीवर लोखंड दिसता कामा नये. लोखंडाला लोखंड घासलं की ठिणगी. म्हणून खिळा असो का बोल्ट, लाकडात खोल बुडवायचा आन वरनं भोकात बुचासारखी लाकडाची गुडदी ठोकायची, की वर हात फिरवला तर नुसतं लाकूड लागलं पायजे. अठ्ठावीस वर्सं हेच केलं. हाताला दुसरं ठावंच न्हाय. उघडं लोखंड बघून माझ्या दाताला कळ येती.

म्हणून माझ्या दोन कैच्यांना मी पट्टी बाहेर लावलीच न्हाय. तुझ्या दोन पातळ पट्ट्यांच्या जागी एक जाड पट्टी घेतली, तुळईच्या पोटात करवतीनं खाच पाडून आत सरकवली. बोल्ट आरपार, पण दोन्ही तोंडं तीन बोटं आत. वरनं बाभळीची गुडदी. बाहेरनं बघशील तर लोखंड हाय हे सांगून पटायचं न्हाय. म्हणून तर फोटो धाडला न्हाय! फोटोवाला बिचारा दोनदा येऊन गेला.

विहाराचे बाराच्या बारा जोड असेच केलेत. तुझ्या चित्रातला एक बी न्हाय.

आता वाऱ्याचं. वारं दोन्हीकडं सारखंच व्हतं, चुलवणाकडं उलट जाळ जास्त. रामहरीच्या पडल्या, माझ्या राहिल्या. मला तितंच, राखंत उभा असताना कळलं कशानं राहिल्या ते. पण कसं लिहू? पोरगी तिकडं हेच शिकायला गेलीया, तिचं चित्र पडलं आन अडाणी चुलत्याची पेटी राहिली, हे लिहायला हात धजंना. म्हणून वाऱ्यावर ढकललं. मी बी हवेचंच लिहिलं बघ. चुलता-पुतणी एकाच माळेचे मणी.

तुला मिनिटं लागत्याल, म्हणून बारामतीच्या डेपोत जाऊन कंडक्टरला गाठला. बिरदेव नाव. त्यानं गाडीच्या कागदावर लिहिलंय, "उभी १२.४० ते १.४५. कारण, प्रवासी आग विझवण्यास उतरले." पैली कैची पडली तवा त्यानं घड्याळ बघितलेलं, डायवर घाई करत व्हता म्हणून. बारा अठ्ठावन्न. म्हंजे अठरा मिनिटं. तुझ्या भट्टीत एकोणीस. पोरी, तुझी भट्टी खरं बोलती, तिला शिव्या देऊ नको. आन माझ्या दोन, गाडी हलली तवा बी उभ्या व्हत्या. आज बी हायत. काळ्या ठिक्कर, पण हलत न्हाईत. सावळाराम त्यांना रोज एक लाथ घालून बघतो.

सोबत पार्सल हाय, रजिस्टर हवाई टपालानं. त्यात गुऱ्हाळातली एक गुडदी काढून धाडली हाय. जळलेलं तोंड बघ, एका बोटाचा कोळसा झालाय. आता उलटी कर. आतल्या तोंडावर पेन्सिलीनं मी आकडा घातला व्हता, सात. वाच, नीट दिसतोय. पेन्सिलीची रेघ बी पुसली न्हाय एवढं आत गार राहिलंय. हे तुझ्या न हसणाऱ्या सरांना दाव.

माडी चौदा एप्रिललाच उघडणार. तू आडवी येऊ नको.

आजून एक. विहारात बारा जोड, जोडाला दोन बोल्ट, बोल्टाला दोन तोंडं, अशी अठ्ठेचाळीस भोकं. आपल्यात देणगीदारांची नावं फरशीवर कोरून दारात लावत्यात, त्यावरनं भांडणं व्हत्यात, कुणाचं वर कुणाचं खाली. म्हणून मी ठरवलं, परत्येक घरानं येऊन एक गुडदी आपल्या हातानं ठोकायची. नाव पेन्सिलीनं आतल्या तोंडावर. बाहेरनं कुणाचंच दिसणार न्हाय. वस्तीत घरं त्रेचाळीस. सावळारामानं एक मागून घेतली. रामहरीनं एक. बिरदेव कंडक्टर म्हणाला, मला बी एक. तुझी पत्रं आणणारा पोस्टमन, त्याची एक. सत्तेचाळीस झाल्या.

राहिलं एक. ते मी कुणाला देत न्हाय.

तू वाईट इंजिनिअर न्हाईस. आपलं चित्र चुकलं म्हणून तार करणारी पोरगी वाईट कशी आसंल? फक्त आकडे लपवू नको. परत आलीस तरी भाकरी हाय, डिग्री आणलीस तरी तीच भाकरी हाय.

तुझा शपथमोड्या
तात्या


स्वीडन,
२४ एप्रिल १९९७

तात्या, तात्या, तात्या!

चौसष्ट!

आकडा आधी लिहिला. आता सावकाश सांगते.

पार्सल आठ तारखेला आलं. गुडदी हातात घेतली, उलटी केली, आणि तो सात दिसला. तुमचा तो पोट फुगलेला सात. मी तशीच धावत सरांच्या खोलीत गेले. त्यांनी भिंग लावून बघितलं, मग जळलेल्या बाजूला नख लावलं, मग परत उलटी केली. म्हणाले, "ही कुठल्या प्रयोगशाळेतली?" मी म्हटलं, "गुळाच्या." मग सगळं सांगितलं, कैच्या, येष्टी, मुंडावळ्यांचा नवरा, डांबर. तात्या, हॉल्मग्रेन सर हसले! दात दिसले. मला ते आहेत हेच माहीत नव्हतं.

दोन आठवडे मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. पट्टी तुळईच्या पोटात, बोल्ट बुडवलेले, वर गुडद्या. माप तुमच्या गुडदीवरनं घेतलं. आमचं गणित म्हणत होतं, जमायला हरकत नाही. पण गणितावर माझा विश्वास उरला नव्हता, तुमच्या सातावर होता. तो मी खिशात घेऊन भट्टीसमोर बसले.

एकोणीस मिनिटं झाली. काही नाही. तेवीस झाली. काही नाही. चाळिसाव्या मिनिटाला मी उभी राहिले ती बसलेच नाही. साठ झाली तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि मी ओरडले, "गप्प बसा, अजून उभा आहे!" मराठीत ओरडले. चौसष्टाव्या मिनिटाला तुळई जरा वाकली आणि सरांनी भट्टी बंद केली. आणि मी रडले, अक्कासारखी, गळा काढून. तिला सांगा, तिचं वाया गेलेलं रडं मी इथं वापरलं.

अहवालात काय छापणार आहेत ऐका. "प्रत्यक्ष आगीतील निरीक्षण, सणसर, फेब्रुवारी १९९७. रचना, भानुदास तात्या. वेळेची नोंद, बिरदेव, एसटी वाहक." सर म्हणाले, कंडक्टरच्या कागदाची एक प्रत मिळेल का? मिळवा ना.

आणि मी पण इथल्या गुडद्यांवर आतून नावं लिहिली होती. जोड उघडल्यावर सगळी वाचता आली. तात्या, अक्का, बाबा, आई, सावळाराम आबा. सरांनी विचारलं हे काय, मी तुमची पद्धत सांगितली. त्यांनी खिशातनं पेन्सिल काढली आणि पुढच्या जोडासाठीच्या गुडदीवर स्वतःचं नाव लिहिलं.

आता एक अवघड गोष्ट. ते म्हणतात, डिग्रीनंतर आणखी दोन वर्षं थांब, आठ मजल्यांचं काम आहे. मला करायचंय, तात्या. लपवत नाही, फार करायचंय. पण अठ्ठेचाळिसावं भोक कुणाचं ते मला कळलं. म्हणून सोबत एक गुडदी पाठवते. आमच्या चौसष्ट मिनिटांच्या जोडाच्या तुळईतल्या उरलेल्या लाकडाची, तुमच्या मापाची, घट्ट बसेल अशी मीच कातलेली. आतल्या तोंडावर माझं नाव आहे. माझ्या वतीनं तुम्ही ठोका.

करुणा


सणसर,
१२ मे ९७

माझ्या करुणे,

चौसष्ट! मी वस्तीत वरडत गेलो. ज्यांना काय ते कळलं न्हाय त्यांनी बी पेढा खाल्ला. सावळारामानं नव्या गुऱ्हाळाच्या खांबावर खडूनं ६४ लिहून ठेवलंय, आन आता कैच्यांना लाथ घालायची बंद केलीया. बिरदेवाला त्याचं नाव विलायतेत छापून येणार म्हणून सांगितलं, तर त्यो मला बारामतीपातुर उभ्यानंच घेऊन गेला, बसू देईना, म्हणाला पुन्यांदा पैल्यापास्नं सांगा. कागदाची प्रत सोबत हाय.

चौदा एप्रिलला माडी उघडली. बत्तीस म्हटली व्हती, एक्कावन्न पोरं चढली. मी खाली उभा राहून तुळयांकडं बघत व्हतो. चुं न्हाय की चा न्हाय. अक्का वर गेली, आन पुस्तक उलटं धरून अर्धा तास वाचत बसली.

दोन वर्सं ऱ्हा. आठ मजल्याचं कर. माझ्या मनात काय बी न्हाय, आन हे मी हवेचं बोलत न्हाय, खरं बोलतोय. अक्का एक डाव रडली, पण आता ती रडं पुरवून पुरवून वापरती.

तुझी गुडदी मिळाली. लई सुबक कातलीस. हातात घेऊन बघितलं तर माझाच हात वाटला. पण पोरी, लाकूड तिकडच्या गारठ्यातलं, वल्या हवंतलं. हितं पोचली ती वैशाखात. आठ दिस कोनाड्यात व्हती, तेवढ्यात हितल्या उन्हाळ्यानं आटली. भोकात घातली तर खडखड वाजती. बोटानं बाहेर निघती. सांदीतनं जाळ आत जाईल, मग तिचा उपेग काय? तुला जळण्याचं सगळं येतं, वाळण्याचं राहिलंय.

म्हणून मी ठोकली न्हाय. हितल्या भोकाला हितलंच लाकूड लागतं. बाभळीची एक कातून ठेवली हाय, आतल्या तोंडावर पेन्सिलीनं तुझं नाव घातलंय. गुडदी आन ती ठोकायची मोगरी दोन्ही बुद्धाच्या मूर्तीमागच्या खुंटीला टांगल्यात. कुणी हात लावत न्हाय. पोरं इचारत्यात, तात्या, हे एकच भोक उघडं का? त्यांना सांगितलंय, ते करुणाताईचं हाय, ती आली की बंद व्हईल.

तवर बारा जोडांतला एक बोल्ट उघडा हाय. तुझ्या चित्रातल्यासारखा. रोज संध्याकाळी मेणबत्त्या विझवून विहाराला कुलूप लावायच्या आदी मी वर बघतो, आन त्या भोकातनं लोखंड दिसतं. माझ्या दाताला कळ येती.

आमच्या खात्यात असली पेटी पास व्हत न्हाय, पोरी. तुझं काम उरकलं की ये.

तुझा
तात्या